ब्रुनो टूशेक

ब्रुनो टूशेक (३ फेब्रुवारी १९२१, व्हिएन्ना – २५ मे १९७८, इन्सब्रुक) हे ऑस्ट्रियात जन्मलेले आणि आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे इटलीत काम केलेले सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांना एकाच कड्यात परस्परविरुद्ध दिशांनी फिरवून त्यांची समोरासमोर टक्कर घडवावी, ही कल्पना त्यांनी १९६० मध्ये रोमजवळील फ्रास्काती येथील प्रयोगशाळेत मांडली. वर्षभरात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कडे उभेही केले. आदा या नावाने ओळखले जाणारे हे कडे म्हणजे द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांची टक्कर घडविणारे जगातील पहिले यंत्र होय. नवे मूलकण व निसर्गाचे अज्ञात नियम शोधण्यासाठी पुढील अर्धशतकात जी प्रचंड यंत्रे उभारली गेली, त्यांतील अनेकांची वंशावळ सुमारे चार मीटर परिघाच्या या कड्यापर्यंत मागे नेता येते.

बालपण आणि शिक्षण

टूशेक यांचे वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी होते. आई ज्यू कुटुंबातील होती. ब्रुनो लहान असतानाच आईचे निधन झाले. आईची बहीण लग्नानंतर रोममध्ये स्थायिक झालेली होती. सुट्टीत या मावशीकडे जाण्याच्या निमित्ताने इटलीशी त्यांचा परिचय शालेय वयातच झाला.

मार्च १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. आईच्या वंशामुळे टूशेक यांना आपल्या शाळेत पुढे शिकता आले नाही. शालान्त परीक्षा त्यांनी दुसऱ्या शाळेतून बाहेरचा विद्यार्थी म्हणून दिली. व्हिएन्ना विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्राचा अभ्यास सुरू केला, परंतु १९४० मध्ये तेथूनही त्यांना वांशिक कारणावरून काढून टाकण्यात आले. ग्रंथालयाचे दार बंद झाले, तेव्हा पाउल उर्बान या तरुण अध्यापकाने त्यांच्यासाठी स्वतःच्या नावावर पुस्तके आणून दिली आणि घरी अभ्यास चालू ठेवण्यास साहाय्य केले. अणुरचनेवरील आर्नोल्ड झोमरफेल्ड यांचा प्रसिद्ध ग्रंथ त्यांनी याच काळात बारकाईने वाचला व त्यात सापडलेल्या लहानसहान चुका लेखकाला कळविल्या. झोमरफेल्ड यांनी त्याचा राग न मानता या मुलाची शिफारस हॅम्बुर्ग येथील आपल्या परिचितांकडे केली. व्हिएन्नात ओळखीच्या माणसांमध्ये राहणे धोक्याचे होते; हॅम्बुर्गमध्ये त्यांच्या आईचे कुळ कोणाला ठाऊक नव्हते. त्यामुळे १९४२ मध्ये टूशेक थेट जर्मनीतच राहावयास गेले.

बीटाट्रॉन आणि विडेरो

हॅम्बुर्ग व बर्लिन येथे टूशेक पोटापाण्यासाठी इलेक्ट्रॉन नलिका बनविणाऱ्या कंपन्यांत काम करीत आणि जमेल तसे विद्यापीठातील व्याख्यानांना बसत. नोंदणीकृत विद्यार्थी होण्याचा प्रश्नच नव्हता. बर्लिनमधील त्यांच्या वरिष्ठांकडे एका विद्युत-अभियांत्रिकी नियतकालिकाचे संपादन होते. तेथे आलेला रॉल्फ विडेरो या नॉर्वेजियन अभियंत्याचा एक लेख टूशेक यांच्या हाती पडला. विडेरो यांनी १९२८ मध्येच रेषीय कणवेगवर्धकाचा प्रयोग यशस्वी केला होता. त्यांचाच प्रबंध पाहून अर्नेस्ट लॉरेन्स यांना अमेरिकेत सायक्लोट्रॉनची कल्पना सुचली होती. आता ते बदलत्या चुंबकीय क्षेत्राने इलेक्ट्रॉनांना वेग देणारे बीटाट्रॉन हे यंत्र बांधू पाहत होते.

जर्मन हवाई मंत्रालयाने या यंत्रासाठी पैसा दिला. शक्तिशाली क्ष-किरणांचा उपयोग शत्रूच्या विमानांविरुद्ध करता येईल, अशी भाबडी आशा त्यामागे होती. अशा रीतीने ज्याला विद्यापीठाने बाहेर काढले होते, तोच तरुण एका गुप्त युद्धप्रकल्पाचा सैद्धांतिक सल्लागार झाला. फिरणारे इलेक्ट्रॉन प्रकाश बाहेर टाकून ऊर्जा गमावतात. या घटनेचा यंत्रावर काय परिणाम होईल याचे गणित टूशेक यांनी येथे केले. ते गणित पुढे आयुष्यभर त्यांच्या उपयोगी पडले.

याच काळात विडेरो यांनी दोन कणांना समोरासमोर धडकविण्याच्या पद्धतीचे पेटंट १९४३ मध्ये दाखल केले. विडेरो यांच्या आठवणींनुसार ही गोष्ट टूशेक यांना इतकी उघड वाटली की तिचे पेटंट घेण्यात काही अर्थ आहे, हेच त्यांना पटले नाही.

तुरुंगवास

मार्च १९४५ मध्ये गेस्टापोने टूशेक यांना हॅम्बुर्गमध्ये अटक केली. परदेशी वृत्तपत्रे वाचण्यासाठी ते वारंवार एका वाचनालयात जात, हे त्यामागील एक कारण असल्याचे एदोआर्दो आमाल्दी यांनी लिहिलेल्या चरित्रात म्हटले आहे. फुल्सब्यूटेलच्या तुरुंगात विडेरो त्यांना भेटत, अन्न व सिगारेटी पोहोचवीत आणि बीटाट्रॉनची चर्चाही करीत. प्रारणाच्या सिद्धांतावरील हाइटलर यांच्या पुस्तकाच्या समासात टूशेक यांनी कोठडीत आपली गणिते अदृश्य शाईने लिहून ठेवली, अशीही हकिगत याच चरित्रात आहे.

काही आठवड्यांनी कैद्यांना कील येथील छावणीकडे पायी नेण्यात आले. टूशेक आजारी होते आणि पाठीवर पुस्तकांचे ओझे होते. वाटेत ते कोसळले तेव्हा रखवालदाराने त्यांच्यावर गोळी झाडली. गोळी डाव्या कानामागे चाटून गेली. ते मेले असे समजून तांडा पुढे निघून गेला. रक्तबंबाळ अवस्थेत त्यांना इस्पितळात नेण्यात आले, पण तेथून पुन्हा तुरुंगातच टाकण्यात आले. युद्ध संपता संपता त्यांची सुटका झाली. त्या वेळी ते चोवीस वर्षांचे होते आणि त्यांच्या हाती अजून एकही पदवी नव्हती.

ग्योटिंगेन, ग्लासगो, रोम

युद्धानंतर ब्रिटिशांनी बीटाट्रॉन ताब्यात घेतला. टूशेक ग्योटिंगेनला गेले आणि १९४६ मध्ये बीटाट्रॉनच्या सिद्धांतावरच त्यांनी पदविका मिळविली. काही काळ त्यांनी वेर्नर हायझेनबर्ग यांच्या संस्थेत काम केले. १९४७ मध्ये ते स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात आले. तेथे सिंक्रोट्रॉनची उभारणी चालू होती. १९४९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. एडिंबरो येथे असलेल्या मॅक्स बॉर्न यांच्याशीही त्यांचा निकटचा संबंध आला. तथापि, ग्लासगोच्या हवेत ते रमले नाहीत.

१९५२ च्या अखेरीस ते रोमला आले आणि तेथेच राहिले. इटलीच्या राष्ट्रीय अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेत त्यांना जागा मिळाली. १९५५ मध्ये त्यांनी ग्लासगोचे प्राणिशास्त्रज्ञ मॉरिस यंग यांच्या कन्येशी विवाह केला. त्यांना दोन मुलगे झाले. रोममधील पहिल्या सात-आठ वर्षांत त्यांचे लक्ष सममितीच्या प्रश्नांवर होते. काळाची दिशा उलटी केली तर नियम बदलतात काय, न्यूट्रिनोला वस्तुमान नसेल तर समीकरणांत कोणती सममिती दिसेल, असे ते प्रश्न होते. वोल्फगांग पाउली यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार याच विषयांवर होता. क्वार्कांच्या मिश्रणाच्या सिद्धांतामुळे पुढे प्रसिद्ध झालेले निकोला काबिब्बो हे टूशेक यांचे रोममधील सुरुवातीचे विद्यार्थी होत.

समोरासमोरच्या टकरीची कल्पना

स्थिर लक्ष्यावर वेगवान कण आदळविला, तर त्याची बरीचशी ऊर्जा टकरीनंतरच्या तुकड्यांना पुढे ढकलण्यात खर्च होते. नवे कण निर्माण करण्यासाठी थोडीच उरते. उभ्या गाडीला धडक देणे आणि समोरून येणाऱ्या गाडीला धडक देणे यांतील फरक सर्वांना ठाऊक असतो, पण प्रकाशाच्या वेगाजवळ हा फरक अवाढव्य होतो. प्रत्येकी २५० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन समोरासमोर धडकले, तर ५०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी सर्व ऊर्जा वापरात येते. स्थिर इलेक्ट्रॉनावर पॉझिट्रॉन आदळवून तेवढाच परिणाम साधावयाचा, तर त्या पॉझिट्रॉनाला जवळजवळ हजारपट, म्हणजे सुमारे २,४५,००० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा द्यावी लागेल.

हे गणित इतरांनाही माहीत होते. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे इलेक्ट्रॉनावर इलेक्ट्रॉन आदळविण्यासाठी एकमेकांना स्पर्श करणारी दोन कडी बांधण्याचे काम चालू होते. सोव्हिएत संघात नोव्होसिबिर्स्क येथे गेर्श बुडकर यांचा गट याच दिशेने विचार करीत होता. १९५९ च्या शरद ऋतूत स्टॅनफर्डचे वोल्फगांग पानोफ्स्की यांनी इटलीत येऊन आपल्या योजनेवर व्याख्यान दिले. त्या वेळी टूशेक यांनी प्रश्न उपस्थित केला, की दोन इलेक्ट्रॉनांऐवजी इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन का घेऊ नयेत.

या प्रश्नामागे दोन विचार होते. पहिला म्हणजे, कण व प्रतिकण यांचे वस्तुमान नेमके सारखे आणि विद्युत भार नेमके विरुद्ध असतात. म्हणून एकाच चुंबकीय क्षेत्रात ते एकाच मार्गावरून उलटसुलट दिशांनी फिरतील आणि दोन कड्यांची गरजच उरणार नाही. सममितीच्या प्रमेयांवर काम केलेल्या टूशेक यांना याविषयी किंचितही शंका नव्हती. दोन्ही शलाका खरोखरच एकमेकींना भेटतील काय, ही धास्ती इतरांना होती. दुसरा विचार अधिक मूलगामी आहे. दोन इलेक्ट्रॉन धडकले तर अखेरीस ते दोन इलेक्ट्रॉन शिल्लक राहतातच. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन मात्र परस्परांचा पूर्ण नाश करू शकतात. मागे उरते ती केवळ ऊर्जा, आणि त्या ऊर्जेतून फोटॉनशी नाते सांगणारे कोणतेही कण जोडीने जन्म घेऊ शकतात, मग ते माणसाला आधी ठाऊक असोत वा नसोत. अज्ञाताचा शोध घेणाऱ्याला यापेक्षा कोरी पाटी मिळणे कठीण.

आदा

फ्रास्कातीत १९५९ मध्येच ११०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा सिंक्रोट्रॉन सुरू झाला होता. फेब्रुवारी १९६० मधील एका बैठकीत टूशेक यांनी हे नवे कोरे यंत्रच या प्रयोगासाठी वापरावे असे सुचविले. प्रयोगशाळेचे संचालक जॉर्जिओ साल्विनी यांना ते मान्य होणे शक्यच नव्हते. त्यातून निघालेला मार्ग अधिक चांगला ठरला: एक लहान स्वतंत्र कडे बांधावयाचे. ७ मार्च १९६० रोजी टूशेक यांनी फ्रास्कातीत आपली योजना सविस्तर मांडली आणि ती तत्काळ मंजूर झाली. कार्लो बेर्नार्दिनी, जॉर्जिओ गीगो आणि निर्वात तंत्रातील जाणकार जानफ्रांको कोराझ्झा हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. एका सिद्धांतवाद्याने यंत्र सुचवावे आणि ते वर्षाच्या आत उभे राहावे, हे आजच्या समित्या व अहवालांच्या जगात नवलाचे वाटते.

कड्याचे नाव संचय-कडे या अर्थाच्या इटालियन शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले. रोममधील मावशीचे नावही आदाच होते, हा योगायोग टूशेक यांना अर्थातच आवडला होता. साडेआठ टनांच्या विद्युतचुंबकाच्या पोटात एक निर्वात नळी असे त्याचे स्वरूप होते. २७ फेब्रुवारी १९६१ रोजी त्यात प्रथमच इलेक्ट्रॉन साठविले गेले. नळीच्या लहानशा काचेतून फिरणाऱ्या एकेका इलेक्ट्रॉनाचा प्रकाशही नुसत्या डोळ्यांनी दिसे.

अडचण कणांच्या संख्येची होती. सिंक्रोट्रॉनच्या गॅमा किरणांपासून कड्यात फारच थोडे इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन निर्माण होत. एका जातीचे कण भरून झाले, की दुसऱ्या जातीसाठी अख्खे यंत्र उलटे करावे लागे. उलटताना नळीतील धातूचे बारीक कण शलाकेच्या वाटेत पडत आणि साठविलेले सर्व कण क्षणात नाहीसे होत. टकरी मोजता येण्याइतकी गर्दी येथे जमणार नाही, हे स्पष्ट झाले.

ऑर्से

पॅरिसजवळील ऑर्से येथे जोरकस रेषीय वेगवर्धक होता. जुलै १९६२ मध्ये आदाला मालमोटारीवर चढवून आल्प्स पर्वतापलीकडे नेण्यात आले. आतील निर्वात टिकविण्यासाठी पंप वाटभर बॅटऱ्यांवर चालू ठेवले होते. सीमेवर जकात अधिकाऱ्यांना नळीच्या आत काय आहे ते उघडून पाहावयाचे होते. आत काहीच नाही आणि त्या काहीच नसण्यासाठीच एवढा खटाटोप आहे, हे समजावून सांगताना या मंडळींची तारांबळ उडाली, असे सहकारी पुढे आठवणीने सांगत.

ऑर्सेत प्येर मारँ, फ्रांस्वा लाकोस्त आणि झाक एसिन्स्की हे फ्रेंच शास्त्रज्ञ गटात सामील झाले. १९६३ च्या सुरुवातीस एका रात्री असे आढळले, की कड्यात अधिक इलेक्ट्रॉन भरले की ते अधिक लवकर नाहीसे होतात. टूशेक यांनी रात्र संपण्यापूर्वीच कारण शोधून काढले. एकाच झुबक्यात चालणारे इलेक्ट्रॉन आडवे हेलकावत असतात. ते एकमेकांवर आदळले, की आडव्या गतीचा काही भाग पुढच्या दिशेच्या गतीत बदलतो. मग एकाची ऊर्जा फार वाढते, दुसऱ्याची फार घटते आणि दोघेही कड्याबाहेर फेकले जातात. हा टूशेक परिणाम होय. आजही कोणतेही इलेक्ट्रॉन संचय-कडे आखताना त्याचा हिशेब करावा लागतो; इंदूर येथील इंडस-२ हे कडेही त्याला अपवाद नाही.

शलाका फुगवून तिची घनता कमी केली तर कण टिकत, पण टकरी घटत. या कात्रीतूनही १९६३ च्या अखेरीपासून १९६४ च्या आरंभापर्यंत घेतलेल्या मोजमापांत इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन खरोखरच धडकत असल्याचा पुरावा मिळाला. आदाने एकही नवा कण शोधला नाही. शोध घेण्याची वाट चालण्याजोगी आहे, एवढे तिने दाखविले.

आदोने

आदा तयार होण्यापूर्वीच, नोव्हेंबर १९६० मध्ये, टूशेक यांनी पुढच्या मोठ्या यंत्राचे टिपण लिहिले होते. इटालियन भाषेत नामाला ओने हा प्रत्यय लागला की ती वस्तू मोठी होते. मराठीत डबीचा डबा होतो तसे. म्हणून आदाची आदोने झाली. तिचा परीघ १०५ मीटर आणि एकूण टक्कर-ऊर्जा ३ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट होती. त्या वेळी ज्ञात असलेल्या मूलकणांच्या जोड्या निर्माण करण्यास तेवढी ऊर्जा पुरेशी होती, आणि हा विचार त्या वेळी वाजवी होता. फेर्नांदो आमान यांच्या देखरेखीखाली बांधकाम झाले. काबिब्बो व राउल गात्तो यांनी अशा यंत्रावर कोणकोणत्या प्रक्रिया पाहता येतील याचा सविस्तर लेख १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. तो या क्षेत्रातील सर्वांचा मार्गदर्शक ठरला. टकरीच्या वेळी सुटणाऱ्या असंख्य मंद फोटॉनांमुळे मोजमापात जी तफावत येते, तिचे गणित टूशेक यांनी स्वतः तरुण सहकाऱ्यांसह केले.

१९६९ मध्ये आदोनेवर प्रयोग सुरू झाले, तेही त्या काळच्या संप व अशांततेमुळे अडखळत. टकरींतून अनेक हॅड्रॉन कण एकदम निर्माण होण्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा पुष्कळच अधिक निघाले. आरंभी त्यावर सर्वांचा विश्वास बसला नाही. क्वार्कांना रंग हा गुणधर्म असतो व प्रत्येक क्वार्क तीन रंगांत आढळतो, या कल्पनेला त्यातून पुढे बळ मिळाले.

नोव्हेंबर १९७४ मध्ये अमेरिकेत सॅम्युएल टिंग आणि बर्टन रिक्टर यांच्या गटांनी एकाच वेळी नव्या जड कणाचा शोध जाहीर केला. आज तो जे-साय कण म्हणून ओळखला जातो. त्यातून चौथ्या, म्हणजे चार्म क्वार्कचे अस्तित्व सिद्ध झाले. त्याचे वस्तुमान ३.१ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट होते. आदोनेची मर्यादा ३ होती. बातमी येताच फ्रास्कातीच्या मंडळींनी यंत्र नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे ताणले आणि काही दिवसांतच तो कण त्यांनाही दिसला. तिन्ही गटांचे लेख नियतकालिकाच्या एकाच अंकात छापून आले. परंतु १९७६ चे नोबेल पारितोषिक रिक्टर व टिंग यांना मिळाले. टाऊ या जड लेप्टॉनाच्या बाबतीतही असेच घडले. अशा कणाचा शोध आदोनेवर घेतला गेला होता, पण त्याची जोडी निर्माण होण्यास सुमारे साडेतीन अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. तोही स्टॅनफर्ड येथेच सापडला. शोधयंत्राची ऊर्जा ठरविताना ज्ञात जगाचा आधार घ्यावा लागतो आणि अज्ञात त्या रेषेच्या किती पलीकडे आहे हे आधी कळत नाही; आदोनेच्या बाबतीत ते अंतर अवघे तीन टक्के होते.

अखेरची वर्षे

टूशेक रोम विद्यापीठात सांख्यिकीय यामिकी शिकवीत. या विषयावर जानकार्लो रोस्सी यांच्यासह लिहिलेले त्यांचे पाठ्यपुस्तक १९७० मध्ये निघाले. परदेशी नागरिक असल्याने त्यांची विद्यापीठातील बढती रेंगाळली आणि प्राध्यापकाचे पूर्ण पद त्यांना १९७८ मध्ये, म्हणजे फारच उशिरा मिळाले. लिंचेई अकादमीने १९७२ मध्ये त्यांना परदेशी सदस्य करून घेतले व १९७५ मध्ये त्यांना मात्तेउच्ची पदक मिळाले.

त्यांना व्यंगचित्रे काढण्याचा नाद होता. कंटाळवाण्या बैठका, गर्विष्ठ प्राध्यापक, प्रयोगशाळेतील कारभारी यांची त्यांनी काढलेली बोचरी रेखाचित्रे आमाल्दींच्या चरित्रात छापलेली आहेत. मद्यपानाने त्यांचे यकृत खालावले होते. शेवटच्या वर्षी ते जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत पाहुणे शास्त्रज्ञ म्हणून गेले. तेथे प्रोटॉन व प्रतिप्रोटॉन यांना एकाच कड्यात धडकविण्याची कार्लो रुबिया यांची योजना आकार घेत होती. आदाचीच कल्पना जड कणांसाठी वापरण्याचा हा प्रयत्न होता. त्याच मुक्कामात टूशेक गंभीर आजारी पडले. जिनिव्हाच्या रुग्णालयातून त्यांना ऑस्ट्रियात हलविण्यात आले आणि २५ मे १९७८ रोजी इन्सब्रुक येथे वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. सर्नमधील त्या यंत्रावर डब्ल्यू व झेड हे कण १९८३ मध्ये सापडले.

नंतरची यंत्रे

सर्नमध्येच १९८९ ते २००० या काळात २७ किलोमीटर परिघाचे लेप हे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्र चालले. हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार तीनच आहेत, हे त्याने निश्चित केले. हिग्ज कण त्याला सापडला नाही, मात्र ११४ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत तो नाही हे त्याने दाखवून दिले. १२५ च्या आसपास तो २०१२ मध्ये, त्याच बोगद्यात बसविलेल्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरवर सापडला. लेपवर किती टकरी झाल्या याची मोजदाद इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन विकिरणावरून केली जाई. या विकिरणाचे गणित मुंबईचे होमी भाभा यांनी १९३५ मध्ये केंब्रिजमध्ये असताना केले होते आणि ते भाभा विकिरण याच नावाने ओळखले जाते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ लेपवरील एल-३ प्रयोगात सहभागी होते.

आदा आता फ्रास्काती प्रयोगशाळेच्या आवारात पारदर्शक आच्छादनाखाली जतन करून ठेवली आहे. युरोपीय भौतिकी संघटनेने २०१३ मध्ये तिला ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. फ्रास्कातीत तरुण संशोधकांसाठी टूशेक यांच्या नावाने अभ्यासवर्ग भरविला जातो.